डॉट-वॉचिंग करणाऱ्याला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे. लांब पल्ल्याच्या काही सायकल शर्यतींत स्पर्धक सगळे सामान सायकलला बांधून, कुणाचीही साथ न घेता हजारो किलोमीटर जातो. त्याच्याजवळच्या ट्रॅकरमुळे तो इंटरनेटवरच्या नकाशावर एका ठिपक्याच्या रूपात दिसत राहतो आणि लोक घरबसल्या तो ठिपका बघत असतात. या बघण्याला इंग्रजीत ‘डॉट-वॉचिंग’ म्हणतात. मराठीत ‘बिंदुनिरीक्षण’ म्हणावे, ‘मागोवा घेणे’ म्हणावे की ‘पाळत ठेवणे’? भाषांतर करताना अडलेल्या वाचकाने हे विचारले आहे. ‘सेल्फ-सपोर्टेड’ला काय म्हणायचे, असा दुसरा प्रश्नही सोबत जोडला आहे.

तिन्ही पर्याय मला पटत नाहीत, पण प्रत्येक वेगळ्या कारणाने.

‘पाळत’ आधी निकालात काढू. पाळतीत संशय असतो आणि चोरटेपणा असतो. पोलीस पाळत ठेवतात, घर फोडण्याआधी चोरही पाळत ठेवतात. ज्याच्यावर ती असते त्याला तिचा पत्ता नसावा, ही पहिली अट. इथे तर स्पर्धक स्वतःच ट्रॅकर सायकलला किंवा पिशवीला बांधून निघतो आणि जगाला सांगतो, बघा. फोनला रेंज असली की तोच नकाशा तो स्वतःही उघडतो, मागचा किती जवळ आला ते बघायला. आयोजकांचे बघणे थोडे निराळे आहे. ‘टूर डिव्हाइड’ या शर्यतीत कॅनडातल्या बान्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटेलोप वेल्सपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटरचा मार्ग आखून दिलेला आहे. तो सोडून कुणी जवळची वाट धरली का, हे ठिपक्यांच्या माळेवरून लगेच कळते. त्या बघण्याला ‘देखरेख’ म्हणा. पाळत तीही नाही.

‘बिंदुनिरीक्षण’ हा बर्ड-वॉचिंगच्या ‘पक्षिनिरीक्षणा’वरून पाडलेला शब्द दिसतो. व्याकरणात चूक नाही, पण बिंदू म्हटले की भूमितीतला तो लांबी-रुंदी नसलेला प्राणी आठवतो, आणि निरीक्षण म्हटले की वही-पेन्सिल. शिवाय निरीक्षण करणारा तो निरीक्षक, आणि निरीक्षक म्हणजे तपासणीला आलेला साहेब. नकाशावरच्या खुणेला रंग असतो, आकार असतो, बहुधा नावाची आद्याक्षरे किंवा क्रमांकही असतो. तो ‘ठिपका’च. ‘टिंब’ लिखाणातले, ते अक्षराच्या डोक्यावर बरे.

‘मागोवा’ या तिघांत सर्वांत जवळ येतो आणि तरी चुकतो. मागोवा घडून गेलेल्याचा असतो. शर्यत संपल्यावर हौशी मंडळी ठिपके मागे नेऊन कोण कुठे झोपला, कुणाचे चार तास कुठे गेले, हे शोधत बसतात. तो खरा मागोवा. त्यातला ‘माग’ मात्र विचारात घेण्यासारखा आहे. माग काढणारा माणूस दिसत नसलेल्याच्या मागे, त्याने टाकलेल्या खुणांवरून जातो. नकाशावरचा ठिपका अशी खूणच आहे, कारण तो कधीच ‘आत्ताचा’ नसतो.

या शर्यतींत सरसकट दिसणारे ‘स्पॉट’सारखे यंत्र घ्या. ते जीपीएसवरून आपली जागा ओळखते आणि ती ग्लोबलस्टार या कंपनीच्या उपग्रहांमार्फत खाली पाठवते. हे सतत चालत नाही. पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, जसे लावून ठेवले असेल तसे. निरोप एकाच दिशेने जातो, म्हणजे तो पोचला की नाही हे यंत्राला आणि अर्थात स्वारालाही कळत नाही. घनदाट झाडी किंवा खोल घळ लागली, आकाश पुरेसे दिसले नाही, की तो निरोप हवेतच विरतो. ताशी पन्नासच्या वेगाने घाट उतरणारा माणूस दहा मिनिटांत आठेक किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि ठिपका अजून घाटमाथ्यावरच असतो.

म्हणून माझी पहिली सूचना नामाबद्दल नाही, काळाबद्दल आहे. ‘तो आत्ता खिंडीत आहे’ असे भाषांतर करू नका. ‘खिंडीत होता’ असे करा, किंवा सरळ ‘शेवटचा ठिपका खिंडीत पडला’ असे लिहा. ‘लाइव्ह’साठी ‘थेट’ हा शब्दही इथे जपून वापरावा. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाला तो शोभतो. दहा मिनिटे शिळ्या ठिपक्याला ‘शेवटचा’ म्हणणे जास्त प्रामाणिक आहे.

आता क्रियापदे. भाषांतरकाराची खरी परीक्षा इथेच होते. इंग्रजीत ‘द डॉट हॅज स्टॉप्ड’ एवढ्यावर भागते आणि बाकीचे बघणाऱ्याने ओळखायचे असते. मराठीत आपण फरक करू शकतो, मग का करू नये? स्वार थांबला असेल आणि ठिपके एकाच जागी एकावर एक पडत असतील, तर ‘ठिपका थांबला’. म्हणजे माणूस झोपला आहे, दुकानात आहे किंवा चाक खोलून बसला आहे, यंत्र मात्र बोलते आहे. यंत्रच गप्प झाले असेल, शेवटच्या निरोपाची वेळ तासभर मागे राहिली असेल, तर ‘ठिपका मुका झाला’. बॅटरी संपली असेल, झाडी असेल, बटण दाबायचे राहिले असेल. मुक्या ठिपक्याचा माणूस चाळीस किलोमीटर पुढे अचानक उगवतो आणि बघणारे सुटकेचा श्वास टाकतात. ‘अडला’ तेव्हाच म्हणावे, जेव्हा पुढे नदी, बर्फ किंवा बंद रस्ता आहे हे ठाऊक असते. ‘ठिपका भरकटला’ हेही लागते. ‘ठिपका उड्या मारतो’ हेही लागते, कारण जीपीएसच्या चुकीने माणूस क्षणभर तळ्याच्या मधोमध दिसतो.

हा फरक नुसता शब्दांच्या हौसेपायी नाही. २०१७ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल ते सिडनी अशी सुमारे ५,५०० किलोमीटरची ‘इंडियन पॅसिफिक व्हील रेस’ चालली होती. क्रिस्टॉफ अलेगार्ट पुढे होता, माइक हॉल दुसरा. ३१ मार्चच्या पहाटे कॅनबेराजवळ मोटारीच्या धडकेत हॉल गेला आणि त्याचा ठिपका तिथून पुढे सरकलाच नाही. शर्यत तिथेच थांबवण्यात आली. याच हॉलने २०१३ मध्ये लंडन ते इस्तंबूल अशी पहिली ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल रेस’ भरवली होती आणि या साऱ्या प्रकाराला घडण दिली होती. अशा बातमीच्या भाषांतरात ‘ठिपका थांबला’ आणि ‘ठिपका मुका झाला’ यांची अदलाबदल झाली, तर वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे राहते.

मूळ प्रश्नाकडे येतो. बघण्याच्या क्रियेला नाम हवेच का? इंग्रजीला हवे असते, आपल्याला पुष्कळदा नको असते. आपण ‘रेडिओ लावून बसतो’, ‘मॅच लावून बसतो’. त्याच चालीवर ‘नकाशा लावून बसणे’ म्हणा. ‘सकाळपासून नकाशा लावून बसलाय’ हे वाक्य कुणालाही समजावून सांगावे लागत नाही, आणि त्यात या उद्योगातला वेळेचा नासही आपोआप येतो. ‘ठिपक्यावर डोळा ठेवणे’ नको, त्यात हाव डोकावते. ‘नजर ठेवणे’ चालेल, पण जरा कोरडे आहे. ‘वाट पाहणे’ या शब्दप्रयोगाचा मोह मलाही झाला, कारण शब्दशः बघितले तर या लोकांचे काम तेच आहे. वाटेकडे बघायचे आणि पुढचा ठिपका पडेपर्यंत थांबायचे. पण तो शब्दप्रयोग आधीच पूर्णवेळ नोकरीत आहे, त्याच्यावर जादा काम टाकून उपयोग नाही.

नाम लागते ते बघणाऱ्या माणसासाठी, डॉट-वॉचरसाठी. इथे माझे मत ठाम आहे: ‘ठिपकेबघे’. एकवचनी ‘ठिपकेबघ्या’, लाकूडतोड्याच्या साच्यातला. आधीचे ‘ठिपके’ हे खिसेकापूतल्या ‘खिसे’सारखे.

‘बघे’ हा शब्द हेटाळणीचा आहे, अशी तक्रार येणार हे मला माहीत आहे. अपघात झाला की बघ्यांची गर्दी जमते आणि मदतीला कुणी येत नाही, अशी बातमी आपण नेहमी वाचतो. बघ्या म्हणजे नुसता बघणारा, हात न लावणारा. आणि याच कारणासाठी तो इथे चपखल बसतो. या शर्यतींत हात न लावणे हा नियम आहे. ठिपका आपल्या गावावरून जाणार हे दिसले म्हणून रस्त्यावर जाऊन टाळ्या वाजवायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्या शर्यतीत लोक हमरस्त्यावर तसे उभेही राहिले होते. पण ओळखीच्या स्वारासाठी डबा घेऊन उभे राहिलात, तर तुम्ही त्याचे नुकसान करता, कारण ती मदत इतरांना मिळणार नसते. बाहेर ज्या बघ्याला नावे ठेवतात, तो इथे नियमाने वागणारा ठरतो.

२०१६ च्या ‘ट्रान्स ॲम बाइक रेस’चा शेवट यासाठी आठवावा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अस्टोरियापासून पूर्वेच्या यॉर्कटाउनपर्यंत सुमारे ६,८०० किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात स्टेफन श्ट्राइश पुढे होता, लेल विल्कॉक्स मागून गाठत आली होती. श्ट्राइश थोडी झोप काढून उठला आणि अर्धवट झोपेत उलट्या दिशेने निघाला. नकाशा लावून बसलेल्या माणसाला हे त्याच्याआधी कळू शकत होते. ठिपका मागे सरकला की सरकला. पण कळून करणार काय? फोन करून ‘अरे, वळ’ म्हणणे ही बाहेरची मदत झाली. श्ट्राइशला आपली चूक उमगली ती समोरून विल्कॉक्स आली तेव्हा. शेवटचे अंतर बरोबर जाऊ, असे त्याने सुचवले. ही शर्यत आहे, असे म्हणून तिने वेग वाढवला आणि १८ दिवस १० मिनिटांत ती सर्वांच्या आधी पोचली. हे सगळे ठाऊक असून गप्प बसावे लागणाऱ्या माणसाला ‘निरीक्षक’ म्हणायचे की ‘बघ्या’, ते तुम्हीच ठरवा.

याच प्रसंगात ‘गाठणे’ आले आहे, त्यावर एक ओळ. ‘तिने त्याला गाठले’ म्हणजे बरोबरी झाली, पुढे गेली असे नाही. पुढे गेली तर ‘मागे टाकले’. ट्रान्सकॉन्टिनेंटलमध्ये ठरावीक टप्पे गाठायचे असतात, पण मधला बराचसा रस्ता ज्याचा त्याने निवडायचा असतो. तिथे दोन ठिपके दोन देशांतून चाललेले असू शकतात, त्यामुळे नुसता नकाशा बघून कोण पुढे हे सांगता येत नाही, उरलेले अंतर बघावे लागते. २०१९ मध्ये बल्गेरियातल्या बुर्गासपासून फ्रान्समधल्या ब्रेस्टपर्यंतची ती शर्यत फिओना कोल्बिंगरने जिंकली, बायका-पुरुष सगळ्यांत पहिली. तिथे ‘आघाडीवर’ म्हणा, ‘पुढे’ म्हणताना विचार करा.

राहिले ‘सेल्फ-सपोर्टेड’. ‘विनामदत’ चूक आहे. दुकानातून खायला घेता येते, हॉटेलात झोपता येते, सायकलच्या दुकानात चाक दुरुस्त करून घेता येते. जे कुणालाही पैसे टाकून मिळते ते सगळे चालते. चालत नाही ती खास आपल्यासाठी ठेवलेली मदत, सोबतची गाडी, किंवा दुसऱ्याच्या चाकामागे राहून वारा चुकवणे. ‘स्वावलंबी’ही नको. तो माणसाचा गुण आहे, शर्यतीचा प्रकार नाही. आपल्याकडे तयार शब्द आहे तो ‘स्वबळावर’. निवडणुकीच्या बातम्यांनी तो इतका वापरला आहे की पक्षाने कुणाशी युती केली नाही, हे त्यातून न सांगता कळते. इथेही तेवढेच सांगायचे आहे. ‘स्वबळावरची शर्यत’ लिहा. ‘स्क्रॅच’साठी ‘माघार’ पुरेशी आहे. ‘ट्रॅकर’ला ट्रॅकरच राहू द्या.

‘ठिपकेबघ्या’चे स्त्रीलिंग ‘ठिपकेबघी’ होईल. कानाला ते अजून परके वाटते, म्हणून तुमच्या मजकुरात जमेल तिथे अनेकवचनच वापरा. ‘ठिपकेबघे’त सगळे येतात.