थेसालोनिकीला जावे, पण कर्ज काढून नव्हे

येत्या नाताळच्या सुट्टीत पत्नी आणि दहा वर्षांच्या मुलीसह ग्रीसमधील थेसालोनिकी येथे खाण्यापिण्यासाठी आणि स्थलदर्शनासाठी जायचे आहे, सहा लाखांच्या अंदाजित खर्चापैकी दोन लाख जमले आहेत, तेव्हा उरलेल्या चार लाखांसाठी वैयक्तिक कर्ज घ्यावे की तीन लाखांची मुदत ठेव मोडावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही करू नये. सहल एक वर्ष पुढे ढकलावी आणि नाताळऐवजी जानेवारीच्या उत्तरार्धात करावी.

चार लाखांचे कर्ज तेरा टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १३,५०० रुपये येतो आणि एकूण व्याज ८५,००० रुपयांच्या आसपास जाते. मुदत ठेवीचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. गृहकर्जाचा ४२,००० रुपयांचा हप्ता आणि ६०,००० रुपयांचा घरखर्च पाहता ती ठेव जेमतेम तीन महिने पुरेल, आणि आपल्या घरासाठी मी सहा महिन्यांची तरतूद आवश्यक मानतो.

हिवाळा निवडण्यात मात्र आपण चूक केलेली नाही. हे शहर उन्हाळी बेटांसारखे केवळ समुद्रस्नानावर जगणारे नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी उभारलेली रोटुंडाची गोल वास्तू, संत दिमित्रियोसचे चर्च, किनाऱ्यावरचा पांढरा मनोरा हे सारे थंडीतही पाहता येते. वारदारिस नावाचा उत्तरेचा बोचरा वारा सुटला की लोक कापानी आणि मोदियानो या बाजारांत शिरतात किंवा गरम बुगात्सा, म्हणजे मलई वा चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, खायला बसतात. युनेस्कोने २०२१ मध्ये या शहराला पाककलेच्या सर्जनशील शहरांत स्थान दिले. तिळाची कुलुरी (कड्याच्या आकाराचा पाव) आणि बुगात्सा यांवर सकाळ भागते, आणि हे खाणे महागही नाही. हॉटेलवरील सरकारी कर तीन तारांकित खोलीला एप्रिल ते ऑक्टोबर या काळात रात्रीला ५ युरो असतो, तो हिवाळ्यात १.५ युरोवर येतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो. शहरांतर्गत प्रवासासाठी ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मेट्रोही सुरू झाली आहे.

आता खर्चाची फेरमांडणी करू. युरो ११० रुपये धरून तिघांची विमान तिकिटे २,१०,०००, व्हिसा शुल्क सुमारे २५,०००, नऊ रात्रींचे ८० युरो दराचे हॉटेल ७९,०००, दिवसाला ७० युरोप्रमाणे खाणे ६९,०००, आणि विमा, गरम कपडे, प्रवेशशुल्क व व्हर्जिना येथील दुसऱ्या फिलिपची (सिकंदराच्या पित्याची) समाधी पाहण्याचा एक दिवस मिळून ५०,०००. बेरीज ४,३३,००० होते. दहा टक्के राखीव धरल्यास पावणेपाच लाखांच्या थोडे पुढे. तिकिटांचा हा अंदाज सुट्टीच्या गर्दीत टिकणार नाही, म्हणून मुलीची आठवडाभराची शाळा बुडली तरी चालेल, असे मी अनिच्छेने लिहीत आहे. कर्जाचा जो हप्ता आपल्याला झेपतो असे आपण म्हणता, तेच १३,५०० रुपये बारा महिने आवर्ती ठेवीत टाकले तर १,६२,००० होतात. त्यात हातचे दोन लाख आणि आपण सांगितलेला सव्वा लाखाचा बोनस मिळवला की व्याज न धरताही रक्कम पुरते आणि म्युच्युअल फंडातील दरमहाच्या एसआयपीला हात लावावा लागत नाही.

टूर कंपनीचे पॅकेज घेतल्यास टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, आकारला जाईल. विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते, पण तोवर पैसा अडकतो, म्हणून तिकीट आणि हॉटेल स्वतंत्रपणे आरक्षित करणे मला अधिक पसंत आहे. तेथे कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपयांत की युरोत असे विचारले तर युरोच निवडावेत.

व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळत नाही, आणि कर्ज काढले असेल तर हप्ताही थांबत नाही. त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारेच आरक्षण ठेवावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, तर सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५. पुढच्या जानेवारीत आपली मुलगी अकरा वर्षांचीच असेल, म्हणून एक वर्षाच्या विलंबाने हा लाभ जात नाही. त्यापुढे मात्र सहल ढकलू नये.