मोगरा कडेच्या मेणातच राहिला

प्रश्न : ताई, मी सोया मेणाच्या, काचेच्या ग्लासातल्या मेणबत्त्या करते. ग्लास ८ सेंटिमीटर रुंद आहे. अर्धा किलो मेणाला मोगऱ्याचं सुगंधी तेल दोन छोटे चमचे घालते. नुसती नाकाशी धरली तर छान वास येतो, पेटवली की काहीच नाही. वात मधोमध खड्डा करत खाली जाते, कडेचं मेण तसंच राहतं. भाचीच्या रुखवतात पंचवीस ठेवायच्या आहेत. काय चुकतंय?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, तुमचा मोगरा त्या कडेच्या मेणातच बसलाय. वास वितळलेल्या मेणातून वर येतो. वातीभोवतीचं हे वितळलेल्या मेणाचं तळं रुपयाएवढं असेल तर वासही तेवढाच. म्हणजे तुमची वात बारीक पडते. मी नवीन ग्लास आणला की तीन ग्लास सारखेच भरते, वाती मात्र तीन जाडीच्या लावते, आणि तीन तास जाळून बघते. तळं काठाला टेकलं आणि साधारण एक सेंटिमीटर खोल झालं, की ती वात माझी. काजळी धरली, टोकाला काळं बोंड आलं, तर वात जाड झाली. ही परीक्षा ग्लास अर्धा संपल्यावर पुन्हा घ्या, कारण खालच्या भागात काच जास्त तापते. समईची वात इथे चालत नाही, मेणबत्तीची विणलेलीच घ्या.

आता तेल. दोन छोटे चमचे म्हणजे जेमतेम १० ग्रॅम, दोन टक्के. मी आठ टक्के घालते, अर्ध्या किलोला ४० ग्रॅम, आणि काट्यावर मोजूनच. चमच्याचा भरवसा धरू नका. तेल मेणबत्तीसाठीचंच हवं, कपड्यांना लावायचं अत्तर नको. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. मेण ८० अंशांवर आलं की गॅस बंद करून तेल घाला, दोन मिनिटं सावकाश ढवळा, साधारण ५५ अंशांवर ओता. मग दोन आठवडे झाकून ठेवा. दुसऱ्याच दिवशी पेटवली तर वास कच्चाच लागतो. जाड काच घ्या. पातळ चहाचा ग्लास माझ्याकडे एकदा पेटता असताना तडकलाय, तेव्हापासून तो मी वापरत नाही. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की विझवा, आणि पेटत्या मेणावर पाणी कधीही टाकू नका, भडका उडतो.

लग्न कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. मे महिन्यातलं असेल तर एक काळजी घ्या. हे मेण ५० अंशांच्या आसपासच वितळतं, आणि आपल्याकडे सावलीतच पारा ४५ला जातो. भुसावळला पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या माझ्या अठरा मेणबत्त्यांवर एका दुपारीत तेलाचे थेंब सुटले होते. फ्रिजमध्येही ठेवू नका, मेण काच सोडतं. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, फरशीवर खोक्यात ठेवा, आणि मंडपात रुखवत मांडतानाच बाहेर काढा.