स्वस्त काचपेटी बनवायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. कमी दिवसांच्या बाळांसाठी ग्रामीण रुग्णालयांना परवडेल अशी काचपेटी, हा आमचा प्रकल्प. प्लायवूड, बल्ब, कॉम्प्युटरचा जुना पंखा आणि सेन्सर घेऊन थोडक्या पैशांत ती उभी राहते आहे. पण माझी मावशी जिल्हा रुग्णालयात बाळांच्या कक्षात सिस्टर आहे. ती म्हणाली, "पेट्या आहेत गं आमच्याकडे, पण..." आणि विषय बदलला. आम्ही पुढे जावं का?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : मुलींनो, जरूर पुढे जा. मात्र मावशीचं ते 'पण' आधी पूर्ण ऐकून घ्या.

माझी सगळी नोकरी दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. चादर टाकून कोपऱ्यात सरकवलेली पेटी उघडली, की आत बहुधा एखादी लहानशी वस्तू गेलेली असायची. बाळाच्या अंगाला लावायचा तापमानाचा प्रोब, हवेचा फिल्टर, नाहीतर फ्यूज. तेवढी वस्तू जिल्ह्यात मिळायची नाही, मागणीचा कागद टेबलाटेबलांवरून फिरायचा आणि तोवर बाळं वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या उघड्या पलंगावर, दोन-दोन झोपवलेली असायची. म्हणून यंत्राची किंमत मांडताना दुसऱ्या वर्षी प्रोब कुठून येणार आणि तो कोण बसवणार, हे त्यात धरा.

तुमच्यासारखाच विचार अमेरिकेत टिमथी प्रेस्टेरो यांच्या 'डिझाइन दॅट मॅटर्स' या संस्थेने केला होता. गाडीचे सुटे भाग सगळीकडे मिळतात, दुरुस्त करणारे मेकॅनिकही असतात. मग हेडलाइटच्या उष्णतेवर आणि मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारी पेटी त्यांनी बनवली. नाव 'निओनर्चर'. 2010 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या उत्तम शोधांच्या यादीत ती आली. पण ती बनवून विकायला कुणी कारखानदार पुढे आला नाही आणि बाळांपर्यंत ती पोचलीच नाही.

पुढचं काम त्यांनी उलट्या टोकाने सुरू केलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. व्हिएतनाममधला उत्पादक आधी ठरवला, मग काविळीच्या बाळांसाठी निळ्या प्रकाशाचं यंत्र आखलं. ते 'फायरफ्लाय'. वॉर्डात बसून त्यांनी काय पाहिलं? एका दिव्याखाली दाटीवाटीने अनेक बाळं. मग त्यांनी बाळाची जागाच इतकी लहान ठेवली की दुसरं बाळ मावूच नये. उघडं बाळ गारठेल म्हणून आई त्याच्यावर दुपटं घालते आणि वरचा प्रकाश अडतो. म्हणून प्रकाश खालूनही दिला. आईला दोष दिला नाही, दुपटं घालू नका अशी पाटी लावली नाही. हे शहाणपण नकाशावर सुचत नाही, त्यासाठी तिथे बसावं लागतं.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने केलेलं श्वास मोजण्याचं साधन जरूर अभ्यासा. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनियाची शंका. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, पण दाईला साठपर्यंत मोजता येत नसलं तरी काम अडत नाही. ना वीज, ना प्रोब.

आता तुमच्या पेटीबद्दल स्पष्ट बोलतो. बाळाला ऊब द्यायची तर पहिली जागा आईची छाती. कोलंबियातल्या बोगोटात 1970च्या दशकाच्या अखेरीस पेट्या अपुऱ्या पडल्या, म्हणून डॉ. एडगार रे यांनी ही पद्धत सुरू केली. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. एक किलो ते 1.8 किलोच्या आतली बाळं प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिली, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने घटले. तेव्हा आणखी एक पेटी करण्यापेक्षा आई रात्रभर बाळाला धरून बसू शकेल अशी खुर्ची, किंवा बाळ 36.5 अंशांखाली गेलं की सिस्टरला कळवणारं साधन, यात तुमची बुद्धी जास्त कामी येईल.

माझं मत विचाराल, तर काविळीच्या दिव्याचा प्रकाश मोजणारं स्वस्त मीटर करा. जुन्या नळ्या निळ्या दिसत राहतात, पण त्यांचा जोर उतरलेला असतो आणि डोळ्यांना ते कळत नाही. जोरदार उपचाराला दर चौरस सेंटिमीटरला, तरंगलांबीच्या दर नॅनोमीटरला किमान 30 मायक्रोवॅट लागतात. मीटर दिव्याखाली धरायचं, बाळाला हात लावायचा नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांनी करून पाहायलाही ते सुरक्षित. पण त्यातला सेन्सर 460 ते 490 नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यातच मोजतो ना, हे प्रयोगशाळेतल्या प्रमाणित मीटरशी ताडून घ्या. चुकीचा आकडा दाखवणारं मीटर नसलेल्या मीटरपेक्षा वाईट.

मावशीच्या मदतीने वॉर्डप्रमुखांची लेखी परवानगी काढा आणि एक रात्रपाळी कोपऱ्यात बसून बघा. कोणती कळ सिस्टर कोपराने दाबते, कोणता अलार्म ती बंदच करून टाकते, वीज गेल्यावर पहिली धाव कुठे जाते, सगळं वहीत लिहा. तुमची प्लायवूडची पेटी मात्र रुग्णांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नैतिक समितीची मंजुरी असल्याशिवाय कुठल्याही बाळासाठी वापरू नका, डॉक्टर ओळखीचे असले तरी. वही भरली की मला पुन्हा लिहा. मीटरच्या सर्किटचं पुढचं बोलू.