बोलायचं कुठे, गप्प बसायचं कुठे?

प्रश्न : वकीलताई, मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका संस्थेत काम करते. केळीच्या पट्ट्यातल्या सहा गावांत आमचे मुलामुलींचे गट आहेत. आठवड्यातून एकदा बसतो; छेडछाड, मारझोड, बालविवाह, एचआयव्ही यांवर बोलतो. गटातली एक मुलगी १६ वर्षांची, दहावीत आहे. वडील एड्सने गेले. आई आणि धाकटा भाऊ एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्यांवर आहेत. आई गुजरातेत ऊसतोडीला गेलीय, मुलं काकाकडे. परवा बैठक संपल्यावर चटया आवरता आवरता ती म्हणाली, काका रात्री त्रास देतो, दोन-तीनदा झालं. मग माझा हात धरून म्हणाली, ‘कोनले सांगू नका, ताई.’ मी शब्द दिला. आमचे साहेब म्हणतात, पोलिसात गेलात तर गाव आपल्याला पाय ठेवू देणार नाही, चार माणसं बसवून मिटवू. आईला फोन केला तर ती रडून म्हणाली, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) हिचं लग्नच उरकून टाकते. त्यातच मुख्याध्यापक म्हणतात, एचआयव्ही असलेल्या मुलांची यादी द्या, मगच शाळेत बैठक घ्या. निधी देणाऱ्यांच्या एक्सेलमध्येही प्रत्येक मुलाच्या नावापुढे तसा रकाना आहे. मी कोणाला काय सांगू?
– एक कार्यकर्ती, जळगाव जिल्हा

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन केला होता, कारण यातली एक गोष्ट घड्याळावर चालते. तुमच्यासारख्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. तालुका आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. पीडित मुलीची ओळख छापणं हा पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो नियम माझ्या सदरालाही लागू आहे.

आधी घड्याळाचं. शेवटचा प्रकार कधी घडला, हे मुलीला हळूच विचारा. ७२ तास उलटले नसतील तर पोलीस ठाण्याच्याही आधी सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं, आणि मग २८ दिवस न चुकता घ्यायची. ‘आधी एफआयआर आणा’ असं डॉक्टरांना म्हणता येत नाही. २०२० च्या पॉक्सो नियमांत ते स्पष्ट लिहिलंय आणि हे उपचार कोणते, तेही तिथेच दिलेत. खासगी दवाखान्यालासुद्धा अशा मुलीवर मोफत उपचार करावे लागतात. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करेल. एचआयव्हीची चाचणी मात्र समजावून सांगून आणि संमती घेऊनच होते. घरात दोघं गोळ्यांवर आहेत म्हणून हिलाही ‘चला, टोचून घेऊ’ असं कोणी म्हणू लागलं तर थांबवा. ७२ तास उलटून गेले असतील तरी दवाखाना टाळू नका. बाकीची तपासणी आणि समुपदेशन तेव्हाही लागतंच.

आता तुमच्या शब्दाबद्दल. मुलीच्या आईला फोन केलात तेव्हाच तो मोडला, आणि बरंच झालं. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे, अशा गुन्ह्याची माहिती ज्याला कळेल त्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची आहे. ‘प्रत्येकाने’ म्हणजे तुम्ही, तुमचे साहेब, मुख्याध्यापक, आशाताई, अगदी मुलीची आईसुद्धा. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थाचालकांना घाबरवण्यासाठी ‘एक वर्षाची शिक्षा आहे’ असं सर्रास सांगितलं जातं. पण ती संस्थेच्याच माणसाने गुन्हा केला आणि प्रमुखाने तो दाबला तर. इथे काका बाहेरचा आहे, तेव्हा साहेबांना सहा महिन्यांचंच कलम लागेल. मला विचाराल तर तेवढंही पुष्कळ आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर पुढे गुन्हा सिद्ध झाला नाही तरी काही कारवाई होत नाही, हेही त्यांना सांगा.

‘गावात बसवून मिटवू’ हा प्रकार आमच्या कोर्टात इतक्यांदा पाहिलाय की त्याची पुढची पायरीही ठाऊक झालीय. आधी माफी, मग काही हजार रुपये, आणि शेवटी मुलीचंच लग्न. या गुन्ह्यात तडजोडीला कायद्यात जागाच नाही. आईने नुकसानभरपाई घेतली म्हणून खटला संपत नाही, आणि चार पंचांनी सह्या केलेला कागद पुढे त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरतो.

तक्रार लिहिताना मात्र एक चूक तुमच्याकडून होऊ देऊ नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं. कार्यकर्ती तळमळीची होती. तिने तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘सदर मुलगी ही एचआयव्हीबाधित कुटुंबातील असून...’ तिला वाटलं, पोलिसांना दया येईल. तो कागद चार टेबलांवरून फिरला आणि आठवड्याभरात गावभर झाला. आरोपीबद्दल कोणी बोलेना, सगळे मुलीच्या घरातल्या दुखण्याबद्दल बोलू लागले. वर्गात तिच्या भावाच्या शेजारचा बाक रिकामा झाला.

तुमची खरी अडचण इथेच आहे. पॉक्सो म्हणतो, बोला. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याचं कलम ८ म्हणतं, गप्प बसा. विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्हीची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही. त्याच कलमात ‘इतर खासगी माहिती’ असेही शब्द आहेत, म्हणून काही संस्था त्याच्या आड लपून अत्याचाराची तक्रारही टाळतात. माझ्या मते हे चालणार नाही. दोन कायद्यांत विसंगती आली तर पॉक्सोचंच चालेल, असं पॉक्सोच्या कलम ४२अ मध्ये आहे, आणि मुलावरचा अत्याचार झाकायला गोपनीयतेचा कायदा केलेला नाही. पण मुळात इथे विसंगती येऊच देऊ नका. काकाने काय केलं हे पोलिसांना सांगा; भाऊ कोणत्या गोळ्या घेतो हे सांगू नका. तपासाला ते लागत नाही. आणि वैद्यकीय बाजू डॉक्टर बघतील.

म्हणजे कागदावर साधारण असं यावं : ‘माझ्या गटातील १६ वर्षांच्या मुलीने अमुक तारखेला संध्याकाळी बैठकीनंतर मला सांगितले की, ज्यांच्या घरी ती सध्या राहते ते तिचे काका...’ आणि पुढे तिचेच शब्द, जसेच्या तसे. ती अहिराणीत बोलली असेल तर अहिराणीतच लिहा. ‘त्रास देतो’ला तुम्ही ‘अतिप्रसंग’ करू नका. नेमकं कोणतं कलम लागतं हे ठरवणं तुमचं काम नाही. नात्यातल्या, त्यातही एकाच घरात राहणाऱ्या माणसाने असं केलं, आणि पुन्हा पुन्हा केलं, तर कायदा त्याला जास्त गंभीर धरतो, एवढं लक्षात असू द्या. नोंद झाली की प्रत मागा, ती मोफत मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. नोंद न घेणाऱ्या पोलिसालाही तेच सहा महिन्यांचं कलम लागतं.

मुलीला ठाण्यात नेण्याची गरज नाही. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षक, गणवेशाशिवाय घेतील. पोलीस २४ तासांत बालकल्याण समितीला कळवतील आणि समिती तिच्यासोबत राहायला एक आधारव्यक्ती देऊ शकते. त्या काकाच्या घरात तिने आणखी एक रात्रही काढू नये. पण लगेच ‘वसतिगृहात टाका’ असंही नको. मामाचं घर बरं असेल तर समितीपुढे तसं सांगा. अडलात तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच.

पण हे सगळं करण्याआधी मुलीजवळ बसा. तिला कळू न देता पोलीस दारात आले तर यापुढे ती कोणावरही विश्वास ठेवणार नाही. ‘मी गप्प बसले तर तो थांबणार नाही, म्हणून मला सांगावं लागतंय. तुझ्याबद्दल काय काय सांगणार ते आधी तुला वाचून दाखवते,’ एवढं म्हणा. आणि पुढच्या प्रत्येक गटात पहिल्याच दिवशी सांगून टाका : इथलं बोलणं बाहेर जात नाही, फक्त कोणी तुम्हाला इजा करत असेल तर ते थांबवू शकणाऱ्या माणसाला मी सांगणार. ‘सगळं गुपित’ असं वचन तुम्हाला कायद्याने देताच येत नाही, तेव्हा देऊ नका.

आईचं ‘आखाजीला उरकते’ हे भीतीतून आलेलं आहे, तिच्यावर चिडू नका. दिराशी वैर झालं तर घरातून काढतील, नवऱ्याच्या वाट्याची जमीन जाईल, हे तिच्या डोक्यात असणार. तिला सांगा की त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २९ ने तिला आणि तिच्या मुलांना त्या सामाईक घरात राहायचा हक्क दिला आहे. कलम १६ प्रमाणे मुलांच्या वाट्याची कागदपत्रं बालकल्याण समितीकडे सुरक्षित ठेवता येतात, आणि कोणी मुलांचा हिस्सा बळकावला तर तिथे तक्रारही करता येते. सातबाऱ्यावर नवऱ्याच्या जागी वारस लागलेत का, हे ती परत आली की पहिल्यांदा तलाठ्याकडे बघा. लग्न लावलं तर मात्र दुसरा गुन्हा होईल. १८ वर्षांच्या आतल्या मुलीशी नवऱ्याने ठेवलेला शरीरसंबंधही बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ ला सांगितलंय. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, त्यांच्या कानावर हे आत्ताच घाला. पैशाची विवंचना असेल तर बालसंगोपन योजना आणि मनोधैर्य योजना, दोन्हींचे अर्ज भरून द्या. मनोधैर्यचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जातो. वकीलही तिथूनच मोफत मिळेल. बाई आणि मुलं यांना उत्पन्नाची अट नाही.

मुख्याध्यापकांना दोन ओळींचं लेखी उत्तर द्या : कोणत्याही मुलाच्या एचआयव्ही स्थितीची माहिती देणं कायद्याने शक्य नाही, बैठकीचा विषय आणि वेळ सोबत जोडली आहे. बस. त्या आजारामुळे मुलाला शाळेत नाकारणं किंवा वेगळं बसवणं हा भेदभाव आहे. बाधित माणसासोबत राहणाऱ्या निरोगी मुलालाही हेच संरक्षण आहे, म्हणजे ही मुलगीसुद्धा त्यात आली. तसं काही घडलं तर याच एचआयव्ही कायद्याखालच्या राज्याच्या लोकपालाकडे (ओम्बड्समनकडे) तक्रार करता येते.

निधी देणाऱ्यांना आकडे द्यायला हरकत नाही, कायदा फक्त ओळख पटेल अशा माहितीला अडवतो. पण एखाद्या पाड्यावर गोळ्या घेणारा एकच मुलगा असेल तर त्या पाड्यापुढचा ‘१’ म्हणजे त्याचं नावच झालं. म्हणून गावनिहाय नको, सहाही गावांची एकत्र बेरीज द्या. नावाच्या जागी क्रमांक टाका. नाव आणि क्रमांक जोडणारी वही एकच असू द्या आणि तिला कुलूप लावा.

तुम्ही फोनवर म्हणालात की हजेरीच्या वहीत काही नावांभोवती तुम्ही लाल पेनाने गोल केलेत, गोळ्यांच्या तारखा लक्षात राहाव्यात म्हणून. ती वही बैठकीत चटईवर उघडी पडलेली असते. ती फाडू नका, खटल्यात मुलगी त्या दिवशी हजर होती याचा तो पुरावा ठरेल. कपाटात ठेवा. उद्यापासून नवी वही घ्या आणि लाल पेन घरीच राहू द्या.