चार ट्रॅकच्या कॅसेटवरून सीडी: आधी ट्रॅक सोडवून घ्या, सीडी शेवटी

भाऊ, तुमच्या नानांनी चार ट्रॅकच्या मशीनवर भरलेल्या जागरणाच्या गाण्यांच्या कॅसेटी खराब झालेल्या नाहीत. हे आधी सांगतो, कारण घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातल्यावर बायांचे आवाज घोगरे नि रेंगाळलेले येतात, दोनच गोष्टी ऐकू येतात, आणि कॅसेट पलटली की सगळं उलटं वाजतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून घरात त्या फेकायचं चाललंय म्हणे. फेकू नका.

साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे, म्हणजे ट्रॅक, असतात. दोन ए बाजूचे, दोन बी बाजूचे. चार ट्रॅकचं मशीन हे चारही पट्टे एकाच दिशेने एकदम वापरतं. टॅस्कॅम कंपनीने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ १४४ हे मशीन काढलं, तेव्हापासून ही रीत आहे. त्यामुळे साध्या डेकला ट्रॅक १ आणि २ सुलटे मिळतात, ३ आणि ४ पलटल्यावर उलटे. शिवाय यातली बरीच मशीनं फीत दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला पावणेपाचऐवजी साडेनऊ सेंटिमीटर पळवतात. साध्या डेकवर ती निम्म्या वेगाने वाजते आणि आवाज बरोबर एक सप्तक खाली उतरतो. तुम्हाला घोगरं वाटतंय ते हेच.

आता तुमचा मूळ प्रश्न. गावातला रेकॉर्डिंगवाला थेट मशीनमधून सीडी काढून देतो म्हणतोय आणि तुम्हाला ती कानबाईच्या (आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या उत्सवाच्या) आधी हवी आहे. माझं मत विचाराल तर थेट सीडी काढू नका. सीडीवर डावा-उजवा असे दोनच चॅनल जातात. एकदा चाराचे दोन झाले की ढोलकीखाली दबलेला आवाज पुन्हा वर काढता येत नाही. ही मशीनं आता जुनी झालीत, आतले रबरी बेल्ट सैल पडतात, पिंच रोलरचं (फीत दाबून पुढे ओढणाऱ्या चाकाचं) रबर कडक होतं. उद्या मशीन बसलं तर हातात काय राहील? म्हणून आधी चारही ट्रॅक वेगवेगळे संगणकात घ्या. मग मिक्सिंग दहा वेळा करा, सीडी पन्नास काढा.

त्याआधी मशीन स्वच्छ करा. हेड (फीत वाचणारा भाग) आणि पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं पडलेली फीत चिकटून किंवा वेडीवाकडी बसलेली असते. आतली फेल्टची छोटी गादी निखळली असेल तर दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात फीत बदलून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या कॅसेटींची खोकी वाकलेली असतात, त्यांनाही हाच उपाय.

मशीनवर डीबीएक्स असं बटण आहे का बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं. डीबीएक्स रेकॉर्ड करताना लहान-मोठ्या आवाजातला फरक निम्मा करतं आणि वाजवताना तो पुन्हा दुप्पट करतं, त्यात फितीची शूऽऽ खाली जाते. बटण चालू ठेवून रेकॉर्ड केलेलं बंद ठेवून वाजवलं तर सगळं चिरकं आणि एकाच पातळीवर ठेचल्यासारखं येतं. आणि वाजवताना फरक दुप्पट होतो म्हणजे चूकही दुप्पट होते. हेड मळकं असल्याने आवाज दोन डेसिबल पडला असेल, तर बाहेर चार पडलेला ऐकू येईल. काही मशीनांत डीबीएक्सऐवजी डॉल्बी असतं (मिरवणुकीतलं नव्हे, शूऽऽ कमी करायचीच दुसरी पद्धत). नानांनी कॅसेटच्या कार्डावर काही लिहून ठेवलंय का बघा, सहसा अशी माणसं कोणत्या ट्रॅकवर काय आहे तेही लिहितात. एखाद्या ट्रॅकवर तीन वाद्यं एकत्र सापडली तर नानांनी जागा करायला ते ट्रॅक एकात उतरवलेले असणार. ते आता सुटे होत नाहीत, तसेच घ्या.

मशीनच्या मागे टेप आउट म्हणून चार जॅक असतील तर तुमचं नशीब. चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारा डबा, लावा (बेहरिंगरचा यूएमसी ४०४ एचडी चालेल), एका फेरीत काम झालं. विकत घेऊ नका, जळगाव-धुळ्यात कुणा गाणाऱ्या-वाजवणाऱ्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवा. शेवटी सीडीच करायची आहे आणि सीडीचं माप ४४.१ आहे, मग ९६ वर घेऊन पुन्हा खाली आणण्यात मला अर्थ दिसत नाही. लेव्हल लालच्या बरीच खाली राहू द्या, २४ बिटमध्ये तेवढी ऐसपैस जागा असते. सी-६० कॅसेट दुप्पट वेगाने १५ मिनिटंच चालते, तेव्हा चारही ट्रॅक मिळून एका कॅसेटला ५०० एमबीसुद्धा लागत नाही.

चार जॅक नसतील, फक्त लाइन आउटचे दोन असतील, तर ट्रॅक १ पूर्ण डावीकडे, २ पूर्ण उजवीकडे फिरवून एक फेरी. लोक मग दुसऱ्या फेरीत ३ आणि ४ घेतात आणि जुळवताना डोकं धरून बसतात, कारण फीत दोन वेळा अगदी एकसारख्या वेगाने कधीच पळत नाही. पहिल्या कडव्याला जुळलेली ढोलकी शेवटच्या कडव्याला आवाजाच्या मागे पडते. त्यापेक्षा तीन फेऱ्या करा: १ आणि २, मग १ आणि ३, मग १ आणि ४. ट्रॅक १ तिन्हीत आहे. त्याच्या लहरी एकाखाली एक ठेवल्या की कुठे किती सरकलं ते डोळ्यांना दिसतं. कडव्यांमधल्या शांत जागी कापून सरकवत जा, काम झाल्यावर जादाचे दोन ट्रॅक १ बंद करा.

रेकॉर्डिंगच्या वेळी घूंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. पुष्कळदा तिथेच थांबतो. आपल्या गावांत अर्थिंग कसं असतं ते सांगायला नको.

मिक्सिंग संगणकावरच्या ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये होतं, रीपरमध्ये जास्त सोयीचं. इथे मी एकच हट्ट धरीन. गाणाऱ्यांचे आवाज मधोमध ठेवा आणि ढोलकी-हार्मोनियम फार बाजूला ढकलू नका. तुमची सीडी हेडफोनवर कोण ऐकणार आहे? ती मंडपवाल्याच्या अॅम्प्लिफायरला लागणार, आणि तो एकच वायर जोडून भोंगा चालू करतो. ढोलकी पूर्ण उजवीकडे ठेवली असेल आणि त्याने डावी वायर लावली, तर रात्रभर जागरण ढोलकीशिवाय. म्हणून मिक्स मोनो करून, मोबाईलच्या स्पीकरवरही ऐका. बायांच्या आवाजातलं ८० हर्ट्झच्या खालचं कापा, नुसती घरघर असते तिथे. शूऽऽ काढायचं फिल्टर हात राखून वापरा. जास्त घासलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखे होतात. त्यापेक्षा थोडी शूऽऽ बरी, ती कुणाला खटकत नाही.

मिक्स झाल्यावर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, स्टीरिओ वेव्ह फाइल काढा. २४ चं १६ करताना डिदर (बिट कमी करताना होणारी खरखर झाकणारी सोय) चालू ठेवा. एमपी३ नको. तुम्ही आधी काढलेली सीडी काकांच्या प्लेअरवर चालली नाही असं लिहिलंय, त्याचं कारण बहुतेक तेच आहे: एमपी३ फाइली तशाच टाकल्या की ती डेटा सीडी होते आणि जुना प्लेअर ती वाचत नाही. राइट करताना ‘ऑडिओ सीडी’ निवडा. कोरी सीडी ८० मिनिटांची घ्या, सीडी-आर, आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) नको, तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुने प्लेअर अडतात. डिस्क-ॲट-वन्स (अख्खी सीडी एका दमात राइट करणं) निवडलं तर गाण्यांमधलं अंतर तुमच्या हातात राहतं. ट्रॅक-ॲट-वन्समध्ये दोन-दोन सेकंदांची शांतता आपोआप येते, आणि जागरणाची गाणी एकातून दुसरीत जातात, तिथे ती शांतता बोचते. वेग १६एक्सच्या आसपास ठेवा. लाइट जायची वेळ टाळा, अर्धवट राइट झालेली सीडी-आर वायाच जाते.

वरून कागदी स्टिकर लावू नका, उन्हाने एका कडेने सुटतं आणि प्लेअरमध्ये अडकतं. सीडीचा मार्कर पेन पुरे. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका म्हणून पाहुण्यांना बजावा, सीडी-आरमधला रंगाचा थर आपलं ऊन सोसत नाही. सुट्या ट्रॅकच्या वेव्ह फाइली मात्र दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, म्हणजे हातात वेळ आहे, पण मशीन दुरुस्तीला टाकावं लागलं तर तो पुरणार नाही. मशीनचं मॉडेल आणि मागच्या जॅकचा फोटो आजच टाका, कोणती वायर लागेल ते सांगतो. तोवर नानांच्या कॅसेटींचे मागच्या कडेचे दोन्ही टॅब (प्लास्टिकचे छोटे तुकडे) तोडून ठेवा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वरून काही चढणार नाही.