जेरी राइसला इतिहासातला सर्वोत्तम वाइड रिसीव्हर का मानतात?

अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हरचं काम म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा आणि जमेल तितकं पुढे पळायचं. या कामात राइसच्या नावावर 22,895 यार्ड आहेत. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड 17,492 वर थांबला. म्हणजे फरकच पाच हजारांहून जास्त!

राइस मिसिसिपीतल्या एका गवंड्याचा मुलगा. वडिलांच्या हाताखाली विटा झेलत तो वाढला. मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या कॉलेजातून आला आणि 1985 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या वेळी, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाने त्याला 16 वा निवडलं. पहिल्या मोसमात त्याच्या हातून बरेच झेल सुटले. पण 1987 मध्ये, खेळाडूंच्या संपामुळे फक्त 12 सामने खेळूनही, त्याने 22 टचडाउन पास झेलले, म्हणजे तितक्या वेळा प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या भागात चेंडू पोहोचवून गुण मिळवले. याच संघाकडून तीन सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम विजेतेपदाचे सामने, जिंकले. त्यातल्या जानेवारी 1989 च्या सामन्यात तर 11 झेल, 215 यार्ड आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान.

मला मात्र त्याचं टिकून राहणं जास्त थोर वाटतं. तो काही सर्वांत वेगवान नव्हता. मोसम नसतानाही टेकडी चढत धावण्याचा त्याचा सराव प्रसिद्ध आहे. 1997 मध्ये गुडघ्याची गंभीर दुखापत झाली, तीही पचवली. रिसीव्हर सहसा तिशीनंतर उतरणीला लागतो; राइसने 2002 मध्ये, चाळिशी गाठली त्या मोसमात, ओकलंड रेडर्ससाठी 1,211 यार्ड काढले आणि संघासोबत पुन्हा सुपर बोलपर्यंत पोहोचला. तो सामना मात्र हरले.