विमान पडलं की 'पायलट कच्चा होता' आणि 'हा घातपात आहे' असे दोन मेसेज लगेच फिरू लागतात. खरं काय ते सामान्य माणसाने कसं ठरवायचं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की अहमदाबादच्या अपघातापासून नाशिकच्या तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो सहवैमानिकाला अनुभवच नव्हता, दुसरा म्हणतो हा घातपात आहे आणि वरून दाबलं जातंय. मीही नाशिककर. ओझरच्या मिग कारखान्यात उपकरणांच्या शॉपमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे. मी वैमानिक नाही, पण वैमानिक ज्या उपकरणांवर विसंबून उडतो ती उघडून, तपासून, सील करून परत देण्यात माझं आयुष्य गेलं. त्या आधारावर सांगतो.

आधी तासांचं, म्हणजे वैमानिकाने आजवर किती तास विमान उडवलंय त्याचं, बघू. १२ जून २०२५ ला लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ७८७ ड्रीमलायनर विमान अहमदाबादेत पडलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. त्याच दिवशी आकडे आले: कॅप्टनचे ८,२०० तास, सहवैमानिकाचे १,१००. लोक त्या १,१०० वर तुटून पडले. '१,१०० तासवाल्याच्या हाती एवढं मोठं विमान दिलंच कसं?' महिन्याभराने विमान अपघात तपास विभागाचा, म्हणजे एएआयबीचा, प्राथमिक अहवाल आला. त्यात कॅप्टनचे एकूण तास १५,६३८ आणि सहवैमानिकाचे ३,४०३ आहेत. १,१२८ हे त्याचे फक्त ७८७ या जातीच्या विमानावरचे तास. म्हणजे ज्या आकड्यावरून तुमच्या ग्रुपवर शिव्याशाप झाले, तो त्या मुलाचा एकूण अनुभव नव्हताच. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास लागतात आणि त्याच्या वरच्या, कॅप्टनपदासाठी लागणाऱ्या परवान्याला १,५००. हे माहीत असतं तरी निम्मी भांडणं झाली नसती.

आणि समजा आकडा बरोबर असला, तरी नुसत्या तासांवरून काय कळतं? फार थोडं. तास कोणत्या विमानावरचे, अलीकडचे की जुने, त्या दिवशी माणूस झोप घेऊन आला होता का, शेजारी कोण बसलं होतं आणि त्याचं ऐकलं गेलं का, हे विचारल्याशिवाय तासांना अर्थ येत नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॅप्टनचे दहा हजारांहून जास्त तास, सहवैमानिकाचे साडेतीन हजारांच्या वर. चौकशी एअर मार्शल भूषण गोखल्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. प्रवासाचा बराच वेळ तो झोपेत होता. जाग आल्यावर विमान फार उंचावरून उतरायला लागलं, आणि सहवैमानिक 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, परत वर घ्या, असं पुन्हा पुन्हा सांगत होता. कमी तासवाल्याचं बरोबर होतं. तरी त्या वेळी आपल्याकडे वाद कशावर झाला? कॅप्टन परदेशी होता यावर.

उलट्या बाजूचं उदाहरण १४ फेब्रुवारी १९९० चं, बंगळूरचं. इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे पडलं, ९२ मृत्यू. दोघेही मुरलेले वैमानिक, पण हे विमान देशात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्यावरचे दोघांचेही तास मोजकेच होते. इंजिनं ऐन उतरताना अगदी मंद राहिली आणि ते लक्षात यायला उशीर झाला. इथे 'अनुभव कमी पडला' म्हणता येईल, पण तेही 'या जातीच्या विमानावरचा' एवढं जोडूनच.

आता माझ्या जवळचा विषय. १ जानेवारी १९७८ च्या रात्री 'सम्राट अशोक' हे जम्बो सांताक्रूझहून दुबईला उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. २१३ माणसं, एकही वाचलं नाही. कॅप्टनचे १८,००० तास. पहिला संशय सगळ्यांना एकच आला: बॉम्ब. एवढा जुना, जाणता माणूस निरभ्र रात्री विमान समुद्रात कसं घालेल? संशय येणं साहजिक होतं, मी त्याला वेडेपणा म्हणणार नाही.

पण अवशेष आणि ध्वनिमुद्रण हाती आलं आणि चित्र बदललं. वैमानिकासमोर एक गोल उपकरण असतं, वरचा अर्धा भाग आकाशाचा, खालचा जमिनीचा, मधली रेघ म्हणजे क्षितिज. अंधारात किंवा ढगात बाहेर काहीच दिसत नाही तेव्हा विमान किती कललंय हे त्यावरूनच कळतं. उड्डाणानंतर विमानाने उजवीकडे हलकं वळण घेतलं, मग ते सरळ झालं. कॅप्टनसमोरचं उपकरण मात्र अजून उजवीकडेच कललोय असं दाखवत राहिलं. त्यांनी विमान डावीकडे कलवलं. उपकरण हललं नाही, म्हणून आणखी डावीकडे. खाली अरबी समुद्र, वर अंधार, डोळ्यांना दुसरा आधार नाही. फ्लाइट इंजिनिअरने त्या उपकरणावर जाऊ नका असं सांगितल्याचं मुद्रणात आहे. तोवर विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे कललं होतं.

असं क्षितिज आम्ही झुकणाऱ्या स्टँडवर बसवायचो, एकेक अंश कलवत न्यायचो आणि स्टँडचा आकडा आणि उपकरणाचा आकडा जुळतो का ते बघायचो. नवीन मुलांना वाटायचं की बिघडलेलं उपकरण ओळखायला सोपं, काटा लटपटेल, काच धुरकट दिसेल. तसं नसतं. अडकलेलं क्षितिज अगदी स्थिर आणि स्वच्छ दिसतं, चांगल्यापेक्षाही चांगलं. वीज गेली तर इशाऱ्याची छोटी पताका पुढे येते, पण प्रत्येक बिघाडात ती येईलच असं नाही. म्हणून तर शेजारी दुसऱ्या वैमानिकाचं उपकरण असतं, मधे तिसरं राखीव असतं, आणि तिन्हींवर नजर फिरवत राहायची शिस्त असते. चौकशीने उपकरणाचा बिघाड नोंदवला, आणि इतर उपकरणांशी पडताळा घेतला गेला नाही हेही नोंदवलं. 'पायलटची चूक' आणि 'यंत्राचा बिघाड' यांतलं एकच खरं असतं असं लोक धरून चालतात. इथे दोन्ही आहेत, आणि १८,००० तास पाठीशी असूनही आहेत.

मग घातपात कधी होतच नाही का? होतो. ११ एप्रिल १९५५ ला हाँगकाँगहून जकार्ताकडे निघालेलं एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' बॉम्बने पाडलं गेलं. बांडुंग परिषदेला निघालेल्या चीनच्या पंतप्रधानांना, चौ एन-लाय यांना, मारण्याचा तो डाव होता, ते त्या विमानात नव्हते. सोळा जण गेले, तिघे वाचले. त्या तिघांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. समुद्रातून अवशेष काढले तेव्हा चाकाच्या कप्प्याजवळ घड्याळयंत्राचे पिळवटलेले तुकडे मिळाले, आणि इंडोनेशियाच्या चौकशीने टाइमबॉम्ब असल्याचं जाहीर केलं. २३ जून १९८५ चं एअर इंडियाचं 'कनिष्क' सगळ्यांना माहीत आहे, सामानातल्या बॅगेत ठेवलेल्या बॉम्बने पडलं, ३२९ माणसं गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या बॅगेचा स्फोट झाला. स्फोट झाला की पत्रा बाहेरच्या बाजूला फाटतो, त्यावर बारीक खड्डे उमटतात, रसायनांचा अंश राहतो, ध्वनिमुद्रण एका आवाजानिशी तुटतं. म्हणून 'घातपात' म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो: तुमचं खरं असेल तर अवशेषांत काय सापडायला हवं, आणि ते सापडलं का?

होमी भाभांचा मृत्यू या कसोटीवर लावून बघा. २४ जानेवारी १९६६, एअर इंडियाचं ७०७ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आपटलं, ११७ मृत्यू. त्याआधी तेराच दिवस ताश्कंदला शास्त्रीजी गेले होते, आणि अणुबॉम्ब अठरा महिन्यांत करता येईल असं भाभांनी १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीवर सांगितलं होतं. हे तीन ठिपके जोडायचा मोह कोणालाही होईल. चौकशीत जे निघालं ते साधं आणि जास्त दुःखद आहे: विमानातला दिशा दाखवणारा एक रिसीव्हर बंद होता, नियंत्रकाने पर्वतापासूनचं अंतर सांगितलं, आणि आपण शिखर ओलांडलंय अशा समजुतीत विमान खाली आणलं गेलं. त्याच पर्वतावर १९५० मध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' आपटलं होतं, ४८ माणसं गेली होती. तेव्हा तर विमानात कोणी अणुशास्त्रज्ञ नव्हता. तिथली हिमनदी अजून एकेक वस्तू बाहेर देते आहे, २०१२ मध्ये राजनैतिक टपालाची पिशवी मिळाली. हा सीआयएचा, म्हणजे अमेरिकी गुप्तचर संस्थेचा, कट होता म्हणणाऱ्यांकडे मात्र अजूनही मुख्यतः एका मृत अधिकाऱ्याच्या तोंडी घातलेलं संभाषण आहे.

इथलं घ्या. ४ जून २०२४ ला आपल्या निफाड तालुक्यात शिरसगावला सुखोई शेतात पडलं. एचएएलच्या, म्हणजे ओझरच्या आमच्याच कारखान्याच्या, चाचणी उड्डाणावर होतं, दोन्ही वैमानिक बाहेर फेकले जाऊन वाचले. संध्याकाळी मला फोन आले ते जखमींची चौकशी करायला नव्हे. 'निकालाच्या दिवशीच कसं पडलं, काही कळलं का आतून?' लोकसभेची मतमोजणी होती त्या दिवशी, हे खरं. पण चाचणी उड्डाणं ओझरला कामाच्या कोणत्याही दिवशी होतात. योगायोग हा पुरावा नव्हे, हे फोनवर मी ज्यांना सांगितलं त्यांना फारसं आवडलं नाही.

अफवा नेहमी वाईट हेतूनेच पसरते असंही नाही. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला विमान पडलं, २१ जण गेले, त्यांत कॅप्टन दीपक साठे होते, हवाई दलातून आलेले, आपले मराठी. दुसऱ्या दिवशी मेसेज फिरला: चाकं उघडेनात, साठ्यांनी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, शेवटच्या क्षणी इंजिन बंद केलं, म्हणून आग लागली नाही. माझ्या घरच्यांनी तो रडत वाचला. त्यातलं चाकांचं आणि इंधनाचं काहीच खरं नव्हतं. पहिला प्रयत्न पावसात सोडून द्यावा लागला होता. दुसऱ्या वेळी पाठीमागून वारा असताना विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकलं. अहवालाने ठरलेली पद्धत न पाळल्याचं नोंदवलं, सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटल्याचं नोंदवलं, आणि व्यवस्थेतल्या त्रुटीही कारणांत धरल्या. एवढं वाचूनही साठ्यांबद्दलचा आदर मला कमी करावासा वाटत नाही. चांगला वैमानिक एका पावसाळी रात्री चुकीचा निर्णय घेऊ शकतो, हे मान्य केल्याने त्याची आधीची वर्षं पुसली जात नाहीत.

अहमदाबादबद्दल माझं मत विचाराल तर मी प्राथमिक अहवालाच्या एका ओळीपुढे जाणार नाही. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'चालू' वरून 'बंद' वर गेले, एकाने विचारलं का बंद केलंस, दुसरा म्हणाला मी नाही केलं. कोण बोललं हे अहवालात नाही. हे स्विच वर उचलून, खाचेवरून काढूनच हलवावे लागतात. पण त्या खाचेच्या कुलूपव्यवस्थेबद्दल अमेरिकी नियामकाने २०१८ मध्ये सूचना काढली होती, ती बंधनकारक नव्हती आणि ती तपासणी या विमानावर झाली नव्हती, हेही त्याच अहवालात आहे. तुमच्या ग्रुपवरचे दोन्ही तट याच कागदातून आपापली ओळ कापून आणतात. पूर्ण परिच्छेद कोणी टाकत नाही. जे दोघे उत्तर द्यायला उरले नाहीत त्यांच्या घरी माणसं आहेत, ती हे सगळं वाचतात.

शेवटचं, ग्रुपवर काय करायचं ते. एएआयबी आपले अहवाल आपल्या संकेतस्थळावर टाकते, फुकट वाचता येतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार या तपासाचा हेतू दोष ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं हा आहे, म्हणून सुरुवात शेवटच्या पानांवरच्या शिफारशींपासून करा. मंगळूरच्या अहवालात धावपट्टीच्या टोकापलीकडच्या सुरक्षित पट्ट्याबद्दल लिहिलेलं आहे. विमानाचा पंख ज्यावर आपटला तो टोकाचा अँटेना काँक्रीटच्या बांधकामावर उभा होता, तेही लिहिलेलं आहे. त्यानंतर दहा वर्षांनी कोळिकोडला तीच कंपनी, त्याच जातीचं विमान, डोंगरमाथ्यावरची तशीच धावपट्टी, पुन्हा पुढे जाऊन टेकणं आणि पुन्हा दरी. ग्रुपवर भांडायचंच असेल तर यावर भांडा, आणि खासदारांना पत्र लिहायचं झालं तर मसुदा मी करून देतो.